बेस आयएसओ: आपल्या कॅमेऱ्याचा खरा आकडा कसा ओळखावा आणि कसा वापरावा

त्रिपुरी पौर्णिमेच्या संध्याकाळी आमच्या गावच्या महादेवाच्या देवळासमोरची दगडी दीपमाळ उजळते, तेव्हा एकाच चौकटीत दोन टोकांचे उजेड येतात. पणतीची ज्योत इतकी तेजस्वी असते की तिचा केशरी रंग टिकवणे अवघड जाते, आणि दोन पणत्यांमधला काळा पाषाण इतका अंधारात असतो की त्यावरच्या छिन्नीच्या खुणा दाखवणे तितकेच अवघड जाते. काही वर्षांपूर्वी मी ट्रायपॉड लावून ही दीपमाळ टिपली, तेव्हा आयएसओ, म्हणजे कॅमेरा चित्र किती उजळ मांडणार ते ठरवणारा आकडा, जितका कमी तितके चित्र स्वच्छ, एवढेच मला ठाऊक होते. म्हणून कॅमेऱ्यात मिळणारा सर्वांत लहान आकडा, म्हणजे ५०, मी निवडला. घरी येऊन रॉ फाइली, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदी, उघडल्या, तर प्रत्येक ज्योतीच्या जागी रंग हरवलेला पांढरा डाग होता आणि काही केल्या तो रंग परत येईना. त्या कॅमेऱ्याचा बेस आयएसओ १०० होता आणि ५० हा आकडा सेन्सरचा नसून केवळ हिशेबाचा होता, हे मला त्यानंतर समजले. ही माहिती कॅमेऱ्यासोबतच्या पुस्तिकेत एका ओळीत असते. पण ती ओळ नेमके काय सांगते हे कळण्यासाठी सेन्सरमध्ये काय घडते ते आधी पाहावे लागते.

सेन्सर म्हणजे सिलिकॉनची एक चकती असून तिच्यावर लाखो सूक्ष्म प्रकाशग्राही घरे असतात. प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, अशा घरात शिरला की तेथे एक इलेक्ट्रॉन मोकळा होण्याची शक्यता असते, आणि शटर उघडे असेपर्यंत असे इलेक्ट्रॉन त्या घरात साठत जातात. शंभर फोटॉन आले तर त्यांपैकी किती इलेक्ट्रॉन मिळतील हे सिलिकॉनच्या गुणधर्मावर, घराच्या रचनेवर आणि त्यावरच्या रंगीत गाळणीवर अवलंबून असते. बहुतेक कॅमेऱ्यांत ही गाळणी कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या नक्षीची असते. तिच्यात प्रत्येक चार घरांमागे दोन हिरवी, एक तांबडे आणि एक निळे घर असते. या सगळ्या गोष्टी सेन्सर तयार होतो तेव्हाच ठरून जातात. आयएसओची चकती १०० वरून ६४०० वर फिरवली म्हणून सिलिकॉन एकही जास्तीचा फोटॉन पकडत नाही. ‘आयएसओ वाढवला की सेन्सर अधिक संवेदनशील होतो’ हे वाक्य शिकवणी वर्गांत सर्रास ऐकू येते, आणि माझ्या मते पुढचे बहुतेक गैरसमज त्याच वाक्यातून जन्मतात.

हे समजून घ्यायला धान्याचे माप उपयोगी पडते. खळ्यावर पायलीने धान्य मोजताना वर शीग लावता येते, मात्र सेन्सरच्या घराला शीग लावता येत नाही. ते काठोकाठ भरले की त्यानंतर आलेला प्रकाश मोजला जात नाही आणि त्या जागी चित्रात कोरा पांढरा भाग उरतो. आयएसओ हे माप नव्हे. मापात जमलेले धान्य कितीने गुणून वहीत मांडायचे, तो गुणक म्हणजे आयएसओ. अर्धे माप भरले असेल आणि वहीत दुप्पट मांडले, तर आकडा पूर्ण मापाचा दिसतो, पण धान्य अर्धेच असते.

या चित्राच्या आधारे बेस आयएसओची व्याख्या नेमकी करता येते. ज्या आयएसओवर सेन्सरचे घर पूर्ण भरते त्याच वेळी रॉ फाइलमधला आकडाही कमाल पातळीला पोहोचतो, आणि सेन्सरच्या विद्युत संकेताला लागलेले प्रवर्धन, म्हणजे तो मोठा करणे, कॅमेऱ्याने देऊ केलेल्या पातळ्यांपैकी सर्वांत कमी असते, तो बेस आयएसओ होय. चौदा बिटांच्या फाइलीत आकडे ० पासून १६,३८३ पर्यंत जातात. बेस आयएसओवर घराची सगळी क्षमता या पट्ट्यात बसवलेली असते. आयएसओ दुप्पट केला की घर अर्धे भरले असतानाच आकडा वरच्या टोकाला पोहोचतो. उरलेली अर्धी क्षमता वापरातच येत नाही. त्यामुळे बेसच्या वर चढवलेला प्रत्येक स्टॉप तेजस्वी बाजूचा सुमारे एक स्टॉप खातो. येथे एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे, असा अर्थ सर्वत्र धरला आहे.

आता आकडा १०० च का, किंवा ६४ का, हा प्रश्न येतो. फिल्मच्या काळात अमेरिकेची एएसए आणि जर्मनीची डीआयएन अशा दोन मोजपट्ट्या होत्या. १९७४ मध्ये त्या आयएसओ या एका नावाखाली एकत्र आल्या, आणि म्हणूनच जुन्या रोलच्या डबीवर १००/२१° असा जोडआकडा छापलेला दिसतो. डिजिटल कॅमेऱ्यांसाठी आयएसओ १२२३२ हे वेगळे मानक १९९८ मध्ये आले आणि २००६ व २०१९ मध्ये सुधारले गेले. या मानकात आकडा ठरवण्याच्या एकाहून अधिक पद्धती आहेत, आणि ही बाब बहुतेकांना माहीत नसते. पहिली पद्धत घर भरण्यावर आधारलेली आहे: किती प्रकाशाला सेन्सर संपृक्त होतो, म्हणजे काठोकाठ भरतो, ते लक्स-सेकंद या एककात मोजायचे आणि ७८ ला त्या संख्येने भागायचे. यातला ७८ असा निवडला आहे की पूर्ण पांढऱ्या कागदाच्या वरही अर्ध्या स्टॉपची जागा शिल्लक राहावी, म्हणजे पाण्यावरची चमक किंवा धातूची झळाळी लगेच कापली जाऊन कोरी पांढरी होणार नाही. दुसरी पद्धत रॉ डेटाकडे पाहतच नाही. मधल्या करड्या छटेला तयार जेपेगमध्ये २५५ पैकी ११८ ही किंमत यावी, एवढाच तिचा आग्रह असतो. तिसरी पद्धत याहून सैल आहे. उत्पादकाला जो आकडा योग्य वाटेल तो त्याने शिफारस म्हणून द्यावा, अशी ती मुभा आहे. कॅमेरा उत्पादक मुख्यतः या नंतरच्या दोन पद्धती वापरतात.

याचा व्यवहारातला परिणाम मोठा आहे. दोन कंपन्यांच्या कॅमेऱ्यांवर आयएसओ १०० लिहिलेले असले, तरी सेन्सर भरण्याआधी एकात दुसऱ्यापेक्षा जास्त जागा शिल्लक असू शकते, आणि दोन्ही आकडे मानकाला धरूनच असतात. म्हणून एका कॅमेऱ्याचा अनुभव दुसऱ्याला जसाच्या तसा लावू नये, आणि नवा कॅमेरा हाती आल्यावर पुढे दिलेल्या चाचण्या स्वतः करून पाहाव्यात.

नॉईजविषयी

चाचण्यांकडे वळण्याआधी नॉईज, म्हणजे चित्रातला रवाळपणा, कोठून येतो ते पाहणे आवश्यक आहे. प्रकाश हा पावसाच्या थेंबांसारखा सुटासुटा येतो; दोन शेजारच्या फरशांवर एका मिनिटात नेमके सारखे थेंब पडत नाहीत, तसेच दोन शेजारच्या घरांत नेमके सारखे फोटॉन पडत नाहीत. ही तफावत साधारण एकूण संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. एखाद्या घरात १०,००० इलेक्ट्रॉन जमले तर तफावत सुमारे १००, म्हणजे एक टक्का असते. केवळ १०० इलेक्ट्रॉन जमले तर तफावत १०, म्हणजे दहा टक्के होते. पहिल्या चित्रात भिंत गुळगुळीत दिसते आणि दुसऱ्यात तीच भिंत रवाळ दिसते. हा दोष कोणत्याही इलेक्ट्रॉनिक भागाचा नाही. तो प्रकाशाचा स्वभावच आहे, आणि जास्त प्रकाश देण्यावाचून त्याला दुसरा उतारा नाही.

याच्या जोडीला कॅमेऱ्याच्या विद्युतमंडलाची स्वतःची थोडी खरखर असते. तिच्यातला काही भाग प्रवर्धकाच्या आधी मिसळतो आणि काही नंतर, संकेताचे आकड्यांत रूपांतर होताना. आयएसओ वाढवल्यावर संकेत आधीच मोठा होतो, त्यामुळे नंतर मिसळणारी खरखर त्याच्या तुलनेत लहान ठरते. याचा अर्थ असा की सेन्सरवर पडलेला प्रकाश तेवढाच ठेवला, तर जास्त आयएसओचे चित्र कमी आयएसओच्या चित्रापेक्षा अंधाऱ्या भागांत अधिक स्वच्छ किंवा निदान तितकेच स्वच्छ असते. ही गोष्ट प्रथम ऐकताना उलटी वाटते. आपण आयएसओ ३२०० वर काढलेले चित्र रवाळ दिसते ते आयएसओ ३२०० मुळे नव्हे. आयएसओ ३२०० निवडल्यावर कॅमेऱ्याने शटर लवकर मिटवले आणि प्रकाश बत्तीसपट कमी घेतला, त्यामुळे. बेस आयएसओचे महत्त्वही येथेच आहे. तेथे सेन्सरला सर्वांत जास्त प्रकाश देता येतो, आणि तो दिलाच नाही, तर नुसता आकडा १०० वर ठेवून काहीही लाभ होत नाही.

आपला आकडा शोधणे

पहिली पायरी सोपी आहे. कॅमेऱ्याच्या आयएसओ यादीत मुख्य पट्टा आणि विस्तारित पट्टा वेगळे दाखवलेले असतात. कॅननमध्ये ५० च्या जागी ‘एल’ हे अक्षर येते, निकॉनमध्ये ‘एलओ’ अशी खूण येते, आणि सोनीमध्ये विस्तारित आकड्यांच्या वर व खाली आडव्या रेघा असतात. या खुणा नसलेला सर्वांत लहान आकडा हा सामान्यतः बेस आयएसओ असतो. निकॉनच्या डी७०० मध्ये तो २०० होता आणि १०० हा विस्तारित आकडा होता. डी८१० आणि डी८५० मध्ये तो ६४ वर आला. फुजीफिल्मच्या एक्स-टी२ मध्ये तो २०० आहे आणि एक्स-टी३ मध्ये १६०. कॅननच्या बहुतेक कॅमेऱ्यांत आणि सोनीच्या ए७ मालिकेतल्या अनेक कॅमेऱ्यांत स्थिर चित्रांसाठी तो १०० आहे.

विस्तारित ५० निवडल्यावर बहुतेक कॅमेरे पुढीलप्रमाणे वागतात: प्रवर्धन १०० चेच राहते, कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर मात्र एक स्टॉप जास्त प्रकाश घ्यायला सांगतो, आणि नंतर चित्राचा उजेड गणिताने एक स्टॉप खाली आणला जातो. जास्त प्रकाश मिळाल्याने अंधारे भाग खरोखर थोडे स्वच्छ होतात, पण तेजस्वी बाजूचा एक स्टॉप त्याच वेळी हातचा जातो. दीपमाळेच्या ज्योती माझ्या हातून गेल्या त्या अशा. धुक्यातले झाड, छपराखालचे मांडलेले भांडे किंवा पूर्ण ढगाळ दिवसातली भिंत अशा मवाळ उजेडाच्या विषयांना विस्तारित आकडा वापरायला हरकत नाही. जेथे दिवा, सूर्य, पांढरे ढग किंवा पाण्याची चमक आहे, तेथे तो टाळावा.

याची खातरजमा घरीच करता येते. भिंतीवर एक पांढरा कागद चिकटवून त्यावर एका स्थिर दिव्याचा उजेड पाडावा. खिडकीच्या उजेडावर विसंबू नये, कारण ढग सरकला की मोजमाप बिघडते. कॅमेरा ट्रायपॉडवर, पूर्ण मॅन्युअल, रॉ स्वरूपात ठेवावा आणि फोकस मुद्दाम चुकवावा, म्हणजे कागदाचा पोत मध्ये येत नाही. आपल्याकडे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने अनेक दिव्यांचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. म्हणून शटर १/५० सेकंद किंवा त्याहून मंद ठेवावे, नाहीतर दोन चित्रांतला फरक आयएसओचा की दिव्याचा हे कळणार नाही. आता आयएसओ १०० वर एकतृतीयांश स्टॉपच्या पायऱ्यांनी शटर मंद करत एकेक चित्र घ्यावे. संगणकावर डार्कटेबल या मोफत प्रणालीत रॉ पातळीवर कापलेले भाग दाखवणारी सूचना असते; ती सुरू करून कोणत्या शटरला कागद पहिल्यांदा कापला गेला ते लिहून ठेवावे. हीच माळ आयएसओ ५० वर आणि मग २०० वर पुन्हा घ्यावी. ५० वरही त्याच शटरला कागद कापला गेला, तर ५० हा नुसता आकडा आहे हे सिद्ध झाले. २०० वर तो सुमारे एक स्टॉप आधी कापला जाईल, आणि १०० हाच आपला बेस आहे याची खूण पटेल.

दुसरी चाचणी मला अधिक आवडते, कारण तिच्यातून कॅमेऱ्याचा स्वभाव दिसतो. टेबलावर एक काळी छत्री, एक स्टीलचा तांब्या आणि बारीक अक्षरांचे पंचांग ठेवावे: छत्रीच्या कापडात अंधार, तांब्यावर चमक आणि पंचांगात तपशील मिळतो. साध्या घरगुती उजेडात अॅपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, एफ/५.६ आणि शटर १/२५ सेकंद ठेवून आयएसओ १६०० वर चित्र योग्य उजेडाचे येते का ते पाहावे, आणि गरजेप्रमाणे दिवा जवळ किंवा दूर सरकवावा. मग अॅपर्चर आणि शटर यांना हातही न लावता आयएसओ ४०० वर आणि १०० वर आणखी दोन चित्रे घ्यावीत. ही दोन चित्रे अंधारी दिसतील, ते अपेक्षितच आहे. कॅमेऱ्यातली सावल्या आपोआप उजळवणारी सोय आणि नॉईज कमी करणारी सोय आधीच बंद करून ठेवावी. संगणकावर ४०० च्या चित्राचा उजेड दोन स्टॉप आणि १०० च्या चित्राचा चार स्टॉप वाढवावा आणि छत्रीचे कापड पूर्ण मोठे करून शेजारी शेजारी पाहावे.

तिन्ही चित्रांतले कापड जवळपास सारखे दिसले, तर कॅमेऱ्यात प्रवर्धकानंतर मिसळणारी खरखर नगण्य आहे. अशा कॅमेऱ्याला आयएसओ-निरपेक्ष म्हणतात. १०० च्या चित्रात आडव्या-उभ्या पट्ट्या किंवा जांभळट डाग उठले, तर कमी उजेडात योग्य आयएसओ जागेवरच निवडणे या कॅमेऱ्याला आवश्यक आहे. कॅननच्या जुन्या डीएसएलआरमध्ये हा फरक ठळक दिसतो. २०१६ च्या ८०डी आणि ५डी मार्क फोर या कॅमेऱ्यांपासून आकड्यांत रूपांतर करणारा भाग सेन्सरच्या चकतीवरच आला आणि हे पट्टे पुष्कळ कमी झाले. तांब्याकडेही जरूर पाहावे. १६०० च्या चित्रात त्याची चमक कापली गेलेली असेल आणि १०० च्या चित्रात तिच्यातले खिडकीचे प्रतिबिंबसुद्धा शाबूत असेल. दोन्ही चित्रांत सेन्सरवर पडलेला प्रकाश सारखाच होता, हे लक्षात घेतले की आयएसओ नेमके काय करतो ते दुसरे काही न वाचताही कळते.

दोन पायऱ्यांचे सेन्सर

अलीकडच्या अनेक सेन्सरांत प्रत्येक घराला जोडलेला एक छोटा स्विच असतो. तो एका स्थितीत इलेक्ट्रॉन साठवायला जास्त जागा देतो आणि दुसऱ्या स्थितीत जागा कमी करून त्याच इलेक्ट्रॉनांपासून मोठा विद्युतदाब मिळवतो. पहिली स्थिती भरपूर उजेडासाठी, दुसरी कमी उजेडासाठी. सोनी ए७ थ्रीमध्ये हा बदल ६४० ला होतो. त्यामुळे ५०० पेक्षा ६४० वर अंधाऱ्या भागांतली खरखर कमी असते, आणि ज्याला ४०० ते ५०० च्या आसपास काम करायचे आहे त्याने तांब्यासारखी चमक चौकटीत नसेल तर सरळ ६४० निवडावा. वरची छत्रीची चाचणी प्रत्येक एकतृतीयांश पायरीवर केली, तर आपल्या कॅमेऱ्यात ही उडी कोठे आहे ते अचानक स्वच्छ झालेल्या कापडावरून ओळखता येते.

चलचित्रांच्या कॅमेऱ्यांत या दोन पायऱ्या जाहीरपणे सांगितल्या जातात. पॅनासॉनिकच्या व्हॅरिकॅम ३५ मध्ये त्या ८०० आणि ५००० होत्या, सोनी व्हेनिसमध्ये ५०० आणि २५००, ब्लॅकमॅजिकच्या पॉकेट सिनेमा ४के मध्ये ४०० आणि ३२००. हे आकडे वाचून स्थिर चित्रे काढणारा गोंधळतो: सिनेमाच्या कॅमेऱ्याचा बेस ८०० आणि माझ्या कॅमेऱ्याचा १००, मग त्याचा सेन्सर आठपट संवेदनशील आहे काय? तसे नसते. सिनेमाच्या कॅमेऱ्यात लॉग पद्धतीने, म्हणजे उजेडाचा मोठा पट्टा दाबून बसवत, नोंद करताना करड्या छटेच्या वर पुष्कळ जास्त जागा राखून ठेवतात, म्हणजे सेन्सरला मुद्दाम कमी प्रकाश देतात. आणि कमी प्रकाशात योग्य उजेडाचे चित्र देणाऱ्या जोडणीला मोठा आयएसओ आकडा मिळतो. सोनी ए७ थ्री हा एकच कॅमेरा स्थिर चित्रांत १०० पासून सुरू होतो आणि एस-लॉग या सोनीच्या लॉग पद्धतीत ८०० च्या खाली जातच नाही. सेन्सर तोच, घरे तीच, केवळ करड्या छटेची जागा खाली सरकलेली. लॉगमध्ये चित्रीकरण करणाऱ्याने भर उन्हात म्हणूनच एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश अडवणारी करडी काच, जवळ बाळगावा. आयएसओ उतरवून उजेड कमी करण्याचा मार्ग त्याच्यासाठी बंद असतो.

वापरताना

बेस आयएसओवर काम करताना क्रम असा ठेवावा: विषयाची खोली किती हवी यावरून अॅपर्चर, हालचाल किती थांबवायची यावरून शटर, आणि हे दोन्ही ठरल्यावर जो आयएसओ उरेल तो. विषय स्थिर असेल आणि ट्रायपॉड असेल, तर उरणारा आकडा नेहमी बेसच असतो. मग जितका प्रकाश ज्योत, ढग किंवा चमक न कापता घेता येईल तितका घ्यावा. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम, म्हणजे चित्रात किती भाग किती उजेडाचा आहे ते दाखवणारा आलेख, हा जेपेगवरून काढलेला असतो, म्हणून तो कापल्याची सूचना देतो तेव्हाही रॉ फाइलीत काही जागा बहुधा शिल्लक असते. किती, ते कागदाच्या चाचणीत पडद्यावरची सूचना आणि रॉमधली सूचना ताडून पाहिल्यास कळते. तिन्ही रंगांचे वेगळे हिस्टोग्राम पाहण्याची सवय मात्र अवश्य लावावी. दसऱ्याच्या झेंडूच्या ढिगाचे चित्र घेताना एकत्रित हिस्टोग्राम व्यवस्थित दिसतो आणि तांबडा रंग एकटाच टोकाला जाऊन आपटलेला असतो. मग फुलांच्या पाकळ्या एकमेकींत मिसळून नुसता केशरी लगदा दिसतो.

बेस कमी असण्याचा उपयोग पावसाळी धबधब्यापाशी चांगला दिसतो. सह्याद्रीत दाट ढगांखाली आयएसओ २०० आणि एफ/११ ला शटर सुमारे १/६० सेकंद येते. आयएसओ ६४ वर तेच १/२० होते. आठपट प्रकाश अडवणारा एनडी फिल्टर लावला की दुसऱ्या कॅमेऱ्यात शटर ०.४ सेकंदापर्यंत पोहोचते आणि पाण्याला रेशमाची लड येते; पहिल्यात त्याच फिल्टरने जेमतेम १/८ सेकंद मिळतो. ६४ आणि १०० मधला फरक दोनतृतीयांश स्टॉपचा, म्हणजे सुमारे दीडपट प्रकाशाचा आहे. ३६ गुणिले २४ मिलिमीटरच्या फुल फ्रेम सेन्सरचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर भरते आणि ४४ गुणिले ३३ च्या मध्यम आकाराच्या सेन्सरचे साधारण १४५० भरते, म्हणजे पावणेदोनपटींच्या जवळ. त्यामुळे ६४ बेस असलेला फुल फ्रेम कॅमेरा १०० बेसच्या मोठ्या सेन्सरला एकूण जमवलेल्या प्रकाशाच्या बाबतीत जवळजवळ गाठतो.

ज्यांच्या कॅमेऱ्याचा बेस २०० आहे त्यांनी खंत करू नये. स्थिर विषयाची बेस आयएसओवर चार सारखी चित्रे घेऊन संगणकावर त्यांची सरासरी काढली, तर एकूण प्रकाश चौपट होतो आणि नॉईज निम्म्यावर येतो. २०० चा कॅमेरा ५० सारखा वागतो, आणि तेजस्वी भागांना यात कोठेही धक्का लागत नाही, कारण प्रत्येक चित्र आपापल्या मर्यादेतच घेतलेले असते. विस्तारित आकड्याने जे आश्वासन दिले होते ते खरोखर पुरे करणारा मार्ग हाच आहे. मोबाइल फोनही आपल्या चिमुकल्या सेन्सरची उणीव याच रीतीने, अनेक चित्रे एकत्र करून, भरून काढतात.

हातात कॅमेरा धरून माणसे टिपायची असतील तेव्हा बेस आयएसओचा मोह सोडून द्यावा. लग्नाच्या मांडवात एफ/२.८ आणि १/१२५ सेकंदाला आयएसओ १६०० लागत असेल तर १६०० च ठेवावा. हललेल्या चेहऱ्यावर नंतर कोणताही इलाज नसतो, रवाळ चेहरा मात्र कागदावर छापल्यावर बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. ऑटो आयएसओ वापरणाऱ्यांनी तिच्यात शटरची किमान गती स्वतः ठरवून द्यावी, कारण कॅमेऱ्याला आपल्यासमोर आजी बसली आहे की धावणारे पोर आहे हे माहीत नसते. फ्लॅशच्या बाबतीत एवढे पुरे की आयएसओ दोन स्टॉप चढवला तर फ्लॅशला एकचतुर्थांश शक्तीत तेच काम करता येते आणि तो लवकर पुन्हा सज्ज होतो. स्टुडिओत शक्तीची कमतरता नसल्याने तेथे बेसच ठेवावा.

पुढल्या त्रिपुरी पौर्णिमेला मी त्याच दीपमाळेसमोर आयएसओ १००, एफ/५.६ असे मांडले आणि शटर दोन सेकंदांवरून एकेक पायरी खाली आणत, तांबड्या रंगाचा हिस्टोग्राम टोकापासून जरासा सुटेपर्यंत थांबलो नाही. पाषाण पडद्यावर काळाकुट्ट दिसत होता. घरी दोन स्टॉप उजळल्यावर त्यात छिन्नीच्या खुणा आणि तेलाचे ओघळ दिसले, आणि ज्योती केशरी राहिल्या. खालच्या हातांवर पणत्या ठेवणारी मुले टिपताना मात्र कॅमेरा ट्रायपॉडवरून काढला आणि एफ/२, १/६० सेकंद, आयएसओ १६०० असे केले.